हातचा

एम्रिस प्रिचर्डने मला विमानाचे पंख शिकवले
कॅन्टीनमध्ये, चहा निवेपर्यंत, नुसत्या हातांनी.
ब्रॉटनच्या कारखान्यात मी नवी. माझ्याकडे पदवी,
त्याच्याकडे चाळीस वर्षं
आणि रिवेटगनने बधिर झालेली दोन बोटं.

"मिरून," तो म्हणायचा
(मृण्मयी त्याच्या जिभेवर कधी उतरलीच नाही),
"हा बघ, सरळ पंख."
दोन्ही हात बाजूंना, फळीसारखे.
स्वस्त. सावकाश उडणाऱ्यांचा, शेतावर फवारणाऱ्यांचा.
शेजारच्या टेबलावरची डेलिथ आपला मग उचलून धरायची.

मग हात मागे, ससाणा सूर मारतो तसे:
घाई असली की अंग असं चोरून घ्यावं लागतं.
मग सँडविच. तिरकं कापलेलं,
त्याचा अर्धा तुकडा हवेत: हा डेल्टा.
आणि खाऊन टाकायचा.
पुढे झुकलेल्या पंखाला मात्र नाक मुरडायचा.
"वाऱ्याने जरा वाकला की पीळ खातो,
पीळ खाल्ला की आणखी वाकतो.
माझा मेहुणा."

लंबवर्तुळाकार पंख तो हातांनी दाखवत नसे.
बशीच्या कडेवरून बोट फिरवायचा, गप्प.
इतकं देखणं काही करायचं तर
एक फासळी दुसरीसारखी नाही.
हिशेबनीसांना परवडत नाही.

डायहेड्रल त्याचा लाडका.
हात खांद्यापासून किंचित वर,
कुणाला मिठीत घ्यायला निघाल्यासारखे.
"विमान कलंडलं, घसरायला लागलं,
की जो पंख खाली गेला
त्यालाच वारा जास्त उचलतो. कुणी न सांगता."
मी हे समीकरणात लिहिलं होतं कॉलेजात,
दहापैकी नऊ मिळवले होते.
कळलं त्या दिवशी,
डब्यातल्या वरणावर चमचा अधांतरी धरून.

आणि दीडचा नियम.
आयुष्यात पडेल त्या सर्वांत मोठ्या ओझ्याच्या
दीडपट पेलून मगच मोडायची मुभा.
मी म्हटलं, आमच्यात याला हातचा राखणं म्हणतात.
त्याने तीनदा म्हणून पाहिलं. हाथ-चा.
मृण्मयीपेक्षा बरं जमलं.

इथे फक्त पंख होतात.
डावा वेगळा, उजवा वेगळा, धड परमुलखात.
पोट सुटलेलं एक मालवाहू विमान येतं,
जोडी गिळतं, जातं.
डी नदीवर धुकं उतरलं की तेही खोळंबतं,
मग पंख शेडमध्ये रात्रभर,
पट्ट्यांनी बांधलेले, कुशीवर.

फेब्रुवारीत एम्रिस रेक्समच्या इस्पितळात.
उजवी बाजू गेलेली, शब्द अर्धेमुर्धे.
नर्स म्हणाली, ओळखतात, बोला.
मी काय बोलणार. नव्या बॅचच्या भोकांची तक्रार सांगितली,
डेलिथच्या गुडघ्याचं सांगितलं.
तेव्हा त्याचा डावा हात चादरीवरून उठला.
खांद्यापासून, किंचित वर.
थरथरत, पण कोन अचूक. पाच अंश, फार तर सहा.
उजवा तिथेच पडून,
दुसऱ्याच कुठल्या विमानाचा असल्यासारखा.

हात टेकणे म्हणजे मराठीत हरणे.
हे त्याला कधी सांगितलं नव्हतं, बरंच झालं.
खुर्ची ओढून मी पलंगाच्या उजवीकडे बसले,
तोंड त्याच्यासारखंच खिडकीकडे, पार्किंगकडे,
आणि माझा उजवा हात उचलला.
जुळेना. खांदा खाली पडत होता.
बुडाखाली एक उशी घेतली.
तरी दोन अंशांचा फरक राहिलाच.
कामावर असते तर लाल चिठ्ठी लावून
हा पंख मी परत पाठवला असता.

तो बघत होता.
तोंडाची चालती बाजू हलली:
"हाथ..."
इतक्यात जेवणाची गाडी आली,
खडखडत,
तीवर सँडविच. तिरकं कापलेलं.